रोज चालते, मग आणखी कशाला?

पत्र थोडक्यात: मेलबर्नच्या पश्चिम उपनगरात राहणाऱ्या ५८ वर्षांच्या एका वाचक मैत्रिणीने लिहिलं आहे. त्यांना सहा वर्षांपासून मधुमेह आहे. मेटफॉर्मिन आणि ग्लिक्लाझाइड चालू आहे, बीपीची एक गोळी आहे, डाव्या गुडघ्यात झीज सांगितली आहे. या खेपेला एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी, ८.१ आलं. औषध वाढवण्याआधी डॉक्टरांनी त्यांना एक्सरसाइज फिजिऑलॉजिस्टकडे जायला सांगितलं आणि चिठ्ठी दिली. त्या लिहितात: "मी रोज पाऊण तास चालते. घरचं सगळं काम स्वतः करते. पूर्वी सूर्यनमस्कार घालायचे, गुडघ्यामुळे सोडले. आता एखादा पंचविशीतला मुलगा मला नवीन काय सांगणार? जिममध्ये पाऊल टाकायचीच लाज वाटते. उठाबशा काढून गुडघा आणखी झिजला तर? मुलगी म्हणते, जाच. हे म्हणतात, आधी थोडं वजन कमी कर, मग जा. पैसे किती जातील तेही कळत नाही. तिथे नेमकं काय होतं ते सांगाल का? आणि खरंच जावं का?"

प्रिय ताई,

जा. अपॉइंटमेंट रद्द करू नका आणि पुढेही ढकलू नका.

तुम्ही अडचणी बऱ्याच लिहिल्या आहेत, त्या एकेक करून पाहूच. पण पत्र दोनदा वाचल्यावर मला वाटलं, की त्या सगळ्यांच्या मुळाशी एकच समजूत आहे: आधी आपण जरा नीट व्हावं, मग कुणाला दाखवावं. यजमानांचं "आधी वजन कमी कर" त्यातलंच. ब्लाउज शिवायला टाकताना आपण आज आहे तेच माप देतो, बारीक झाल्यावर देऊ म्हणून थांबत नाही. इथेही आजचंच माप हवं आहे. थकलेलं, दुखरा गुडघा असलेलं, साखर वाढलेलं शरीर घेऊनच तिथे जायचं असतं. त्या माणसांचं सगळं शिक्षण अशाच शरीरांसाठी झालेलं असतं.

ऑस्ट्रेलियात एक्सरसाइज फिजिऑलॉजिस्टना चार वर्षांचं विद्यापीठीय शिक्षण आणि त्यात रुग्णांबरोबर प्रत्यक्ष काम करावं लागतं. मग एक्सरसाइज अँड स्पोर्ट्स सायन्स ऑस्ट्रेलिया ही संस्था, जिला सगळे एसा म्हणतात, त्यांना मान्यता देते. तेव्हा अपॉइंटमेंट घेताना "अॅक्रेडिटेड" आहेत ना, एवढं विचारून घ्या. मधुमेह, हृदयविकार, कर्करोगानंतरचा थकवा, संधिवात, हाडांचा ठिसूळपणा, नैराश्य असे दीर्घकाळ सोबत राहणारे आजार असताना माणसाने कोणता व्यायाम, किती आणि कसा वाढवत न्यायचा, हे ते ठरवतात. इथे सगळे त्यांना ईपी म्हणतात, मीही पुढे तसंच म्हणते.

जिमच्या ट्रेनरशी तुमची गल्लत होणं साहजिक आहे, कारण काही ईपींची खोली जिमच्याच इमारतीत असते. पण ट्रेनरचं शिक्षण धडधाकट माणसाला व्यायाम शिकवण्यापुरतं असतं. फिजिओथेरपिस्टचं क्षेत्र या दोघांहून वेगळं. दुखणं नेमकं कुठून येतंय ते शोधणं, हाताने उपचार करणं, ऑपरेशननंतर सांधा पुन्हा चालता करणं ही त्यांची कामं. ईपी मालीश करत नाहीत, शेक देत नाहीत, औषध लिहीत नाहीत. डाव्या गुडघ्याला अचानक सूज आली, तो अडकायला लागला किंवा चालताना दगा देऊ लागला, तर डॉक्टर किंवा फिजिओ गाठायचे. साखर, बीपी आणि गुडघा तिन्ही सांभाळून वर्षभर करता येईल असं काहीतरी बसवायचं असेल, तर ईपी. तुमच्या डॉक्टरांनी तुम्हाला योग्य दारात पाठवलं आहे.

आता तिथे काय होतं ते.

पहिली भेट साधारण पाऊण ते एक तासाची असते आणि तिचा बराच भाग खुर्चीत बसून बोलण्यात जातो. आजार कधीपासून, गोळ्या कोणत्या, त्या किती वाजता घेता, घरात कुणाला हृदयविकार होता का, कधी पडलात का, झोप कशी आहे, दिवसात किती तास बसून जातात, असे प्रश्न येतील. इथे आपल्या बायका एक ठरावीक उत्तर देतात: "तसं काही नाही, सगळं ठीक आहे." ताई, ते उत्तर या एका तासापुरतं बाजूला ठेवा. जिना चढताना मध्ये थांबावं लागतं का, गुडघ्यामुळे रात्री जाग येते का, पायांच्या बोटांना मुंग्या येतात का, लघवी थेंबभर सुटते म्हणून उडी मारणं किंवा भरभर चालणं टाळता का, हे सगळं सांगायचं. शेवटची गोष्ट तर सांगितलीच पाहिजे. या वयातल्या कितीतरी बायका केवळ तेवढ्यासाठी व्यायाम सोडतात आणि कारण कुणालाच सांगत नाहीत. ईपींनी हे शेकडो वेळा ऐकलेलं असतं, आणि त्यावर करण्यासारखं बरंच असतं.

मग ते विचारतील, तुम्हाला काय करता यायला हवं आहे? "शुगर कमी व्हायला हवी" हे उत्तर चुकीचं नाही, पण त्यावर थांबू नका. गणपतीत आरतीनंतर जमिनीवरून कुणाच्या हाताचा आधार न घेता उठता यावं. गावच्या घराचा लाकडी जिना उतरताना कठड्याला लटकावं लागू नये. नातवंड झालं तर त्याला कडेवर घेऊन बागेपर्यंत जाता यावं. असं काही मनात असेल तर ते बोला. ईपींना यातून थेट काम मिळतं. जमिनीवरून उठायचं असेल तर मांडीचे आणि पार्श्वभागाचे स्नायू कोणत्या कोनात किती जोर लावतात, तिथून ते सुरुवात करतील. आपल्याला मांडी घालून बसायची सवय असते हे इथल्या प्रत्येकाच्या लक्षात येईलच असं नाही. म्हणून तेही सांगा, नव्हे बसून दाखवा.

बोलणं झालं की मोजमाप. बीपी आणि नाडी पाहतात, बहुधा कमरेचा घेर. वजनही होईल, आकडा ऐकायचा नसेल तर तसं सांगता येतं. मधुमेह असल्यामुळे बूटमोजे काढायला सांगून पाय पाहतील. तळव्याला नायलॉनच्या बारीक तंतूने टोचल्यासारखं करून कळतंय का विचारतील. बधिर पायाला बूट चावलेला कळत नाही, म्हणून हे.

पुढची चाचणी मला फार आवडते, कारण तिच्यात लपवायला जागाच नसते. भिंतीला टेकवलेली हात नसलेली साधी खुर्ची असते, बैठक साधारण ४३ सेंटीमीटर उंच. तुम्ही मध्यावर ताठ बसायचं, पाय जमिनीवर, दोन्ही हात छातीवर फुलीसारखे. घड्याळ सुरू झालं की पूर्ण उभं राहायचं, पूर्ण बसायचं, पुन्हा उभं. ३० सेकंदांत किती वेळा, एवढंच मोजतात. पहिल्या तीन-चार वेळा काही वाटत नाही. सहाव्या-सातव्या वेळी माणूस नकळत पुढे झुकून झोका घ्यायला लागतो, एक खांदा खाली जातो, किंवा सगळा भार चांगल्या पायावर येतो. ईपींची नजर आकड्याइतकीच त्या झोक्यावर असते. ६० ते ६४ वयाच्या बाईला १२ पेक्षा कमी जमल्या तर ते सरासरीच्या खाली धरतात. तुमच्या ८ झाल्या तर वाईट वाटून घेऊ नका. तीन महिन्यांनी याच खुर्चीवर पुन्हा बसवतील आणि तेव्हा आजच्या आठाशीच तुलना होईल.

याखेरीज सहा मिनिटं चालण्याची चाचणी असू शकते. दोन खुणांमध्ये ये-जा करत सहा मिनिटांत किती मीटर अंतर कापलं ते मोजतात. हळू चाललं तरी चालतं, मध्ये थांबलं तरी चालतं. एका पायावर तोल, हाताची पकड अशाही छोट्या चाचण्या असतात. सगळ्याच होतील असं नाही. गुडघा त्या दिवशी ठणकत असेल तर काही पुढच्या भेटीवर टाकतील. चाचणी मध्येच थांबवायचा हक्क तुमचा आहे, "बस" म्हटलं की संपलं.

चालताना ते मध्येच विचारतील, "शून्य ते दहात किती श्रम वाटताहेत?" आपल्याला अशा प्रश्नाची सवय नसते, आपण चटकन "काही नाही" म्हणून मोकळ्या होतो. पण हा आकडा फार उपयोगी आहे. स्वीडनच्या गुनार बोर्ग या मानसशास्त्रज्ञांनी श्रम असे आकड्यात सांगायची पद्धत बसवली आणि आज ती जगभर वापरतात. तुमची बीपीची गोळी बीटा ब्लॉकर जातीची असेल, म्हणजे नावाच्या शेवटी बहुधा "लोल" असेल, तर श्रम वाढले तरी नाडी हवी तेवढी वाढत नाही. मनगटावरचं घड्याळ मग खोटा दिलासा देतं. तिथे तुमचा आकडाच खरा. घरी वापरायला एक सोपी खूण आहे. चालताना बोलता येतंय, पण गाणं म्हणता येत नाही, म्हणजे श्रम मध्यम. आरामात गाता आलं तर चाल वाढवायला जागा आहे.

आणि इथेच तुमचा पहिला प्रश्न येतो, रोज पाऊण तास चालते तरी आणखी कशाला.

तुमचं चालणं मुळीच वाया गेलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रम सांगते. तुमचं मिनिटांचं गणित पुरं होतं आणि ते टिकवणं सोपं नाही. पण तीच संघटना त्यासोबत आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायूंना ताकदीचा व्यायाम द्यायला सांगते. तो अर्धा भाग आपल्या घरांत कुणी करत नाही. जेवणानंतर रक्तात आलेली साखर साठवून ठेवायची सगळ्यात मोठी जागा म्हणजे स्नायू. स्नायू आकुंचन पावतो तेव्हा तो इन्सुलिनची वाट न बघताही साखर आत ओढून घेतो, आणि व्यायामानंतर एक-दोन दिवस इन्सुलिनलाही जास्त दाद देतो. म्हणूनच मधुमेहात सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा नको, असं सांगतात. पन्नाशीनंतर, त्यातही पाळी गेल्यावर, स्नायू गुपचूप कमी होत जातात. सपाट फूटपाथवरच्या ओळखीच्या चालीने ते परत येत नाहीत.

आपल्या लोकांना हे जास्तच लागू आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीयांच्या शरीराचा हाच गुण वर्षानुवर्षं अभ्यासला: दिसायला बारीक, पण आत चरबी जास्त आणि स्नायू कमी. २००४ साली त्यांनी आणि ब्रिटनच्या प्रा. जॉन युडकिन यांनी "लॅन्सेट"मध्ये स्वतःचाच एक फोटो दिला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. यजमानांना हा फोटो जरूर शोधून दाखवा. आधी वजन उतरवायचं आणि मग व्यायामाचं बघायचं, असं म्हणत नुसतं खाणं कमी केलं, तर आपल्याकडे आधीच थोडे असलेले स्नायूही त्यात झडतात. काट्यावर दोन किलो कमी दिसतील आणि खुर्चीतून उठणं आणखी जड होईल.

घरकामाचंही असंच. पोळ्या, भांडी, कपडे यांत दिवसभर उभं राहणं होतं, अंग थकतं, आणि तुमचे कष्ट खरे आहेत. पण तो भार गेल्या वर्षी होता तेवढाच आजही आहे, आणि स्नायू वाढतो तो भार थोडा थोडा वाढत गेला तरच. ईपी तुमच्या स्वयंपाकघरातूनच सुरुवात करतील अशी दाट शक्यता आहे. ओट्याला हात टेकवून टाचा उचलायच्या, खुर्चीतून हात न लावता उठायचं, भिंतीला हात लावून अंग पुढे-मागे न्यायचं, रबरी पट्टा दाराच्या मुठीला बांधून कोपर मागे ओढायचं. सुरुवातीला चार-पाच प्रकार, त्याहून जास्त नाही. प्रत्येकाला किती वेळा, किती जोर, किती विश्रांती हे लिहून देतील, हल्ली फोनवर व्हिडिओही पाठवतात. भार असा ठरवतात की शेवटच्या दोन वेळा जड जाव्यात, पण श्वास रोखावा लागू नये. श्वास रोखून जोर लावला की बीपी एकदम चढतं. म्हणून जोर लावताना श्वास सोडा, हे ते परत परत सांगतील.

सूर्यनमस्काराचा विषय तुम्ही स्वतः काढा. त्यांना तो माहीत नसेल तर एक घालून दाखवा, जमेल तेवढाच. कुठल्या स्थितीत गुडघा बोलतो ते त्यांना दिसेल. गुडघा टेकण्याच्या जागी घडी केलेलं ब्लँकेट, जमिनीऐवजी हात टेकायला खुर्ची, पाय मागे उडी मारून न नेता एकेक करून नेणं, अशा बदलांनी तुमचा जुना व्यायाम परत मिळू शकतो. लहानपणापासून अंगवळणी पडलेला व्यायाम टिकायची शक्यता कुठल्याही नव्या यंत्रावरच्या व्यायामापेक्षा जास्त, असं माझं मत आहे.

गुडघ्याची भीती मी समजू शकते. "झीज" असं एकदा ऐकलं की माणूस प्रत्येक पाऊल जपून खर्च करायला लागतो. पण सांध्यातल्या कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं, आणि तो द्रव आतबाहेर खेळतो तो सांध्यावर भार येऊन उतरल्यामुळे. गुडघा जपून ठेवला की मांडी बारीक होते, मग प्रत्येक पावलाचा धक्का सांध्यावरच येतो, दुखतं, म्हणून आपण आणखी जपतो. ऑस्ट्रेलियातल्या फॅमिली डॉक्टरांच्या संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शनात गुडघ्याच्या झिजेसाठी व्यायामाची ठाम शिफारस आहे. एक्स-रेमध्ये दिसणारी झीज आणि प्रत्यक्ष दुखणं यांचा मेळ पुष्कळदा बसत नाही, हेही लक्षात असू द्या.

तरी थोडं दुखेल. ते किती चालेल याचा हिशेब ईपी शिकवतात आणि तो शिकण्यासारखा आहे. व्यायाम करताना दहापैकी तीन-चारपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत पूर्ववत झालं, तर तसंच चालू ठेवायचं. चोवीस तासांनंतरही वाढलेलंच राहिलं, सूज आली, तर पुढच्या वेळी भार कमी. व्यायाम बंद मात्र करायचा नाही. स्नायूंचं ठणकणं हे वेगळं. नवा व्यायाम केल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात आणि आपोआप उतरतात. पहिल्या आठवड्यात त्याला घाबरूनच बऱ्याच जणी सोडतात.

आता एक गोष्ट गंभीरपणे घ्या. तुमच्या गोळ्यांपैकी मेटफॉर्मिन एकटं असतं तर साखर एकदम खाली जायची भीती फारशी नव्हती. ग्लिक्लाझाइड मात्र साखर खाली नेऊ शकतं. ग्लिमेपिराइड आणि इन्सुलिन घेणाऱ्यांनीही हे वाचावं. व्यायामाआधी साखर मोजा. ५ च्या खाली असेल, म्हणजे भारतातल्या मापात ९० च्या खाली, तर आधी थोडं काही खा आणि मग सुरू करा. मापांचा गोंधळ होत असेल तर इथल्या आकड्याला १८ ने गुणा, तिकडचा आकडा मिळतो. पर्समध्ये ग्लुकोजच्या गोळ्या ठेवा. हात थरथरणं, घाम, डोकं हलकं होणं ही लक्षणं "दमले असेन" म्हणून सोडू नका. साखर १५ च्या वर असेल आणि बरं वाटत नसेल तर त्या दिवशी व्यायाम नको, डॉक्टरांना विचारा. छातीत दडपण, जबड्यात किंवा हातात कळ, श्वास बसेनासा झाला, तर थांबा आणि रुग्णवाहिकेसाठी ००० ला फोन करा.

याच संदर्भात उपासाचं सांगा. संकष्टी, एकादशी, नवरात्र काय काय धरता ते ईपींना आपणहून सांगितल्याशिवाय कळणार नाही. सकाळची गोळी घेऊन, पोटात फक्त चहा आणि अकरा वाजता व्यायामाची वेळ, हे टाळायचं आहे. संध्याकाळी साबुदाणा खिचडीनंतर साखर कुठे जाते तेही एकदा मोजून त्यांना दाखवा. गोळी मात्र मनाने कमी करू नका. व्यायामाने साखर खाली यायला लागली की ईपी डॉक्टरांना कळवतात, आणि डोस बदलायचा तो डॉक्टरांनी.

पैशांचं. तुमच्या डॉक्टरांनी दीर्घकालीन आजाराचा आराखडा करून चिठ्ठी दिली असेल, तर मेडिकेअर या इथल्या सरकारी आरोग्य योजनेतून वर्षाला ५ भेटींचे पैसे अंशतः परत मिळतात. वर्ष म्हणजे जानेवारी ते डिसेंबर. जुलै २०२५ पासून आराखड्याचं नाव आणि रचना बदलली, पण ५ हा आकडा तोच आहे. हे ५ सगळ्यांत मिळून आहेत: पायांचे डॉक्टर, आहारतज्ज्ञ, फिजिओ, ईपी. पायांसाठी दोन वापरल्या असतील तर तीनच उरल्या. परतावा भेटीमागे साधारण ६० डॉलरच्या आसपास असतो आणि पहिली, लांबलचक भेट बहुधा त्याहून महाग असते. म्हणून वरचे किती भरावे लागतील ते फोनवरच विचारा. हे विचारायला इथे कुणी संकोचत नाही. खासगी विम्याच्या एक्स्ट्रामध्ये, म्हणजे रुग्णालयाबाहेरच्या उपचारांच्या भागात, ईपी असेल तर तोही वापरता येतो, पण एकाच भेटीसाठी दोन्हीकडून नाही.

बऱ्याच जणांना माहीत नसलेली एक सोय आहे. दुसऱ्या प्रकारचा मधुमेह असणाऱ्यांना डॉक्टरांच्या वेगळ्या चिठ्ठीवर एक तपासणी आणि त्यानंतर वर्षाला ८ पर्यंत गटाच्या तासांना मेडिकेअर मिळतं, आणि ते वरच्या ५ मध्ये धरत नाहीत. तास किमान ६० मिनिटांचा, गट २ ते १२ जणांचा. तुमच्या भागात असा गट आहे का, हे डॉक्टरांना आणि ईपींना दोघांनाही विचारा. जिमची लाज वाटणाऱ्या बाईसाठी हा गट मला सगळ्यात चांगला वाटतो, कारण तिथे सगळेच आपल्यासारखे असतात.

ज्यांचे आईवडील व्हिजिटर व्हिसावर आले आहेत त्यांना मेडिकेअर मिळत नाही, भारताशी तसा करार नाही. त्यांनी प्रवासी विम्यावर भरवसा न ठेवता पूर्ण फी विचारून एकच सविस्तर भेट घ्यावी, कार्यक्रम लिहून घ्यावा आणि महिनाभराने एक फेरतपासणी करावी. इंग्रजी अवघड जात असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच दुभाषाचं विचारा. टीआयएस नॅशनलची फोनवरची दुभाषी सेवा १३१ ४५० वर आहे, खर्च कोण करणार ते दवाखान्याला विचारून घ्या. मुलाला किंवा सुनेला दुभाषी करू नये असं मला वाटतं. सुनेसमोर सासूबाई लघवीचा त्रास सांगत नाहीत.

कपड्यांची काळजी सोडा. पंजाबी ड्रेस आणि बूट घालून गेलात तर कुणी वळून बघणार नाही. सलवार फार घेरदार नको, ओढणी गाठ मारून किंवा बाजूला काढून ठेवता येईल अशी हवी, बाही बीपीसाठी वर सरकली पाहिजे. चप्पल मात्र नको. बाई ईपी हवी असेल तर तसं मागता येतं आणि त्याचं कारण द्यावं लागत नाही. सोबत नेण्यासारखं म्हणजे डॉक्टरांची चिठ्ठी, गोळ्यांची यादी किंवा सरळ पाकिटं, ताजे रिपोर्ट, डोळ्यांच्या तपासणीचा कागद, चष्मा, ग्लुकोमीटर, पाणी. डोळ्यांचा कागद विसरू नका. डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या मधुमेहाने नाजूक झालेल्या असतील तर जड उचलणं आणि डोकं खाली करायचे प्रकार टाळावे लागतात.

पंचविशीतला मुलगा समोर असेलच कदाचित. त्याला तुमच्याइतका संसार माहीत नसेल, पण खुर्चीतून उठताना तुमचा डावा पाय काय करतो हे त्याला तुमच्यापेक्षा चांगलं दिसतं. त्याचं ऐकायचं तेवढ्यापुरतं. उलट, न तपासता, न विचारता पहिल्याच भेटीत छापील कागद हातात ठेवला, गुडघा दुखतोय म्हटल्यावर "सहन करा" म्हटलं, किंवा गोड बोलून पाकिटातली प्रोटीन पावडर विकायला काढली, तर दुसरा ईपी शोधा. डॉक्टरांची चिठ्ठी दुसरीकडेही चालते. वाईट वाटेल म्हणून पाचही भेटी तिथेच संपवू नका.

या ५ भेटी कशा वापरायच्या ते पहिल्याच दिवशी त्यांच्याशी ठरवा. मला विचाराल तर पहिल्या दोन जवळजवळ घ्या, दोन आठवड्यांच्या आत. कारण घरी करताना काय चुकतं ते लगेच दाखवता येतं. मग महिन्याने एक, आणि शेवटची तीन महिन्यांनी, एचबीए१सीच्या पुढच्या तपासणीच्या सुमाराला. एचबीए१सी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवतं, तेव्हा दोन आठवड्यांत ते बदलेल अशी अपेक्षा नको. त्याआधी जिना सोपा झालेला कळेल. एक भेट अडीअडचणीला राखून ठेवा.

ती अडीअडचण बहुधा भारतवारी असेल. डिसेंबरात तिकडे गेलं की लग्नं, जेवणावळी, पाहुणचार, आणि परत येईपर्यंत सहा आठवडे गेलेले असतात. जाण्याआधीच्या भेटीत तारखा सांगा आणि प्रवासापुरता दहा-पंधरा मिनिटांचा छोटा कार्यक्रम लिहून घ्या. रबरी पट्टा बॅगेत मावतो. महाराष्ट्रात हे काम बहुतेक ठिकाणी फिजिओथेरपिस्टच करतात, मोठ्या रुग्णालयांत हृदयरुग्णांसाठी वेगळे विभागही असतात. तिकडे गुडघा बिघडलाच तर ईपींचा कागद जवळच्या फिजिओला दाखवा, पुढे कसं न्यायचं ते त्यांना त्यावरून समजेल. परतल्यावर जिथे सोडलं तिथून सुरू करू नका, दोन पायऱ्या खालून धरा, आणि राखून ठेवलेली भेट संपत्या वर्षात वापरायची की जानेवारीत नव्याने मोजणी सुरू झाल्यावर घ्यायची, हे निघण्यापूर्वीच दवाखान्यात विचारून ठेवा.